ओल मोजणारा आसिम

डोणगावात बसस्टँडवरून मशिदीकडं वळलं की डाव्या हाताले गाद्या-रजयांचं एक दुकान लागते. कापसाच्या भुरभुरीत तोंडाले रुमाल बांधून तिथं जो माणूस बसलेला दिसते तो इंजिनिअर आहे. पुण्याले चिपा बनवायच्या कंपनीत सात वर्षं काढलेला. नाव आसिम, दुकान त्याच्या वडिलांचं. आता लोकाईच्या तोंडाले काही झाकण नसते. कोणी म्हणते कंपनीनं हाकलून देल्लं, कोणी म्हणते डोक्यावर परिणाम झाला. एक शहाणा तं मले म्हणे की पुण्यात घोटाळा करून आला. मी त्याले म्हटलं, तुह्या घरची मोटार जळली तं माह्याकडं आणू नको. काय झालं ते मले पूरं माहीत आहे. त्या कामात माहा बी हात होता, अन् जी चूक झाली तिच्यात तं आर्ध्याच्या वर माहाच आहे.

मी राजकुमार. विहिरीवरच्या मोटारी जळतात त्याईचं वाइंडिंग करतो, पोटापुरतं चालते. आसिम अन् मी पहिलीपासून एका बाकावर. त्याचे वडील रहेमतुल्लाचाचा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचे. माहे बाबा, भगवानराव, कापूस पिकवायचे. दोन घरांत येणं-जाणं जुनं. माह्या बहिणीच्या लग्नातल्या गाद्या चाचानंच भरल्या होत्या, अन् भरताना कापसाची मूठ दाबून त्यानं बाबांले सांगतलं होतं, "भगवानभाऊ, ह्याले अजून एक ऊन द्या."

आसिम गणितात लय हुशार, पण पाढ्यांचा त्याले कंटाळा. अठरा सत्ते विचारलं तं तो म्हणायचा, थांब, आधी साताची दुप्पट करतो, मंग तिले एक शून्य लावतो, मंग त्यातून ती दुप्पट वजा करतो. मास्तर चिडायचे. त्याले म्हणायचे, सरळ पाठ काऊन करत नाहीस बे? अन् हा म्हणायचा, सर, गुणाकार न करता येते तं काऊन करू. पुढं इंजिनिअरिंग झालं, पुण्याले नोकरी लागली, अन् तिथं कंपनीनं त्याले नेमकं हेच काम देल्लं.

एका ईदले तो घरी आला तवा माह्या दुकानात बसला होता. मी विचारलं, "तू तिथं नेमकं करतं काय?"

"चिपले पाढे पाठ करून देतो," म्हणे.

मले काही समजलं नाही. मंग त्यानं नीट सांगतलं. घड्याळात, गाडीत, मोटारीच्या स्टार्टरात ज्या बारक्या चिपा असतात त्याईले बेरीज-वजाबाकी येते, बाकी फार काही येत नाही. वर्गमूळ काढ, लॉग काढ असं म्हटलं तं त्याईले लंबा प्रोग्राम लिहून द्यावा लागते, अन् चिप बिचारी बोटं मोजत बसते. आसिमचं काम असं, की चिपच्या आतच एक छोटा भाग तयार करायचा, ज्यात तो हिशोब तारांतच विणलेला राहते. मंग प्रोग्राम नाही, बोटं मोजणं नाही. इकडून आकडा टाकला की चिपच्या घड्याळाच्या पाच-सात ठोक्यात तिकडून लॉग बाहेर. आतमध्ये गुणाकार नाहीच. आकडे एका घरानं सरकवायचे, बेरीज करायची, अन् एका छोट्या तक्त्यात पाहायचं. वीज बी लागत नाही जवळपास. सांगता सांगता त्यानं माह्या वाइंडिंगच्या वहीचं एक पान भरून टाकलं. माणसाले आपल्या कामाचा असा आनंद झालेला मी कमी पाह्यला आहे.

दोन हजार दहाच्या दिवाळीनंतर तो सुट्टीवर आला होता. बाबांचा कापूस घेऊन आम्ही तिघं टेम्पोत घाटाखालच्या बाजाराले गेलो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा अन् घाटाखालचा. डोणगाव, जानेफळ, धाड हे आम्ही घाटावरचे. मोठ्या जिनिंगा, म्हणजे सरकी काढायचे कारखाने, अन् मोठे बाजार घाटाखाली. त्या बाजाराचं नाव मी घेत नाही, आणखी भांडण नको.

बीटी कापसाचं बियाणं येऊन तवा सात-आठ वर्षं झाली होती. पह्यले दोन-तीन वर्षं पीक जोरात आलं, लोकं खुश. मंग मावा-तुडतुडे वाढले, फवारे वाढले, बियाण्याच्या पाकिटासाठी पहाटेपासून रांगा लागू लागल्या. कोणतं बी लावायचं, कोणतं औषध मारायचं, सगळं दुकानदार सांगून राह्यला होता. शेतकऱ्याच्या हातात काय राह्यलं होतं? कापूस नीट वाळवणं, एवढंच. बाबांनं पाच दिवस घराच्या धाब्यावर वाळवला होता, पोराले आंघोळ घालावी तसा उलटवून-पालटवून.

बाजारात मालाची प्रत ठरवणारा माणूस असते, त्याले ग्रेडर म्हणतात. तिथला ग्रेडर माणिकराव. त्या बाजारात आठ टक्के ओलीपर्यंत पूरा भाव, त्याच्यावर गेलं की वजनात कडता, म्हणजे कपात, अन् बाराच्या वर गेला तं माल परत. माणिकरावनं टेम्पोच्या तळाले हात घातला, जिथं पहाटेचं दव लागलं होतं. एक मूठ काढली, दाबली, अन् म्हणे, "ओला आहे."

बाबा म्हणाले, "साहेब, वरचा पाहा ना. मधला पाहा."

माणिकरावनं ती मूठ बाबांच्या अंगावर फेकली अन् पुढच्या गाडीकडं गेला. चारचौघांत. बाबांनं शर्टावरचा कापूस वेचून परत टेम्पोत टाकला. मले असा संताप आला होता की बस. आसिमनं माहा हात धरून ठेवला.

येताना जानेफळले चहा प्यायले थांबलो. आसिम म्हणाला, "राजू, कोणाच्या कोरड्या कापसाले कोणी ओला म्हणू शकू नये. एवढं एक मले जमते. हे मी करीन." दुसरं काही त्याले नको होतं, हे मी आज बी छातीवर हात ठेवून सांगतो. सहा महिन्यांत तो नोकरी सोडून डोणगावले आला. त्याची बायको सबीहा संग्रामपूरकडची, घाटाखालची. ती एकदाच बोलली, "पुण्यात निदान नळाले गोड पाणी होतं." अन् सामान लावायले लागली.

मशीन म्हणजे दीड मीटरची एक सळई. तिच्यावर बत्तीस कड्या, अन् वरच्या टोकाले डबा. ढिगात खुपसली की खालपासून वरपर्यंत बत्तीस जागची ओल मोजायची. सळई मी बनवली. कापसात ओल जास्त तेवढी त्याच्यातून वीज जास्त जाते, हे तत्त्व. पण ओल एक टक्का वाढली तं वीज दुपटीच्या वर वाढते, हिशोब सरळ राहत नाही. तो सरळ करायले लॉग पाहिजे. आणखी एक गोम होती. प्रत्येक जागेचा आधी लॉग काढायचा अन् मंग सरासरी करायची. आधी सरासरी केली तं तळाची एक ओली जागा बाकीच्या एकतीस कोरड्या जागाईले खाऊन टाकते. आसिम म्हणे, "मंग मशीन अन् माणिकराव ह्यात फरक काय राह्यला?"

कापूस हलते, आकडा नाचते, म्हणून प्रत्येक जागा हजार वेळा मोजायची. बाजारातली साधी चिप घेऊन त्यानं प्रोग्राम लिहिला तं उत्तर यायले पन्नास सेकंद लागले. बाजारात पन्नास सेकंद कोण थांबते? मागच्या गाड्या भोंगे वाजवतात. म्हणून त्यानं स्वतःची चिप काढली. लॉगचा हिशोब तारांत विणलेला. ज्याईले थोड्याच चिपा पाहिजे अशा लोकाईच्या चिपा सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर छापून द्यायची एक योजना होती, तिच्यात नंबर लावला. आता उत्तर तीन सेकंदात, अन् सेल वर्षानुवर्षं चालणार.

चिप छापायले पाठवायच्या आधी तो माह्या दुकानात आला. म्हणे, "लॉग तारांत पक्का झाला. पण लॉगवरून ओलीचा टक्का काढायचे जे आकडे आहेत, ते वेगळे ठेवू काय? पुढं कधी बदलायचे असले तं बरं."

मी हातातलं काम खाली ठेवलं. म्हटलं, "बदलणार कोण? तुले वाटते तू बदलशीन. माणिकराव बदलीन ना! काट्याखाली चुंबक लावणारी जात आहे ती. आठाचे बारा करून ठेवतीन अन् तुह्याच मशीनचं नाव सांगतीन. सगळं तारांत घाल. तुले स्वतःले बी हात घालता येऊ नये असं बंद कर."

तो म्हणे, "तसं केलं तं चिप बी लहान होते." अन् गेला. दुसऱ्या दिवशी आकडे तारांत गेले. हे मी मुद्दाम सांगून राह्यलो. पुढं लोकाईनं आसिमले नावं ठेवली. त्याईले सांगा, राजकुमारनं सांगतलं होतं.

ते आकडे काढायले आम्ही लय मेहनत केली होती, उगीच अंदाजानं नाही. एसटीनं धाडले गेलो, जानेफळले गेलो, मेहकरच्या बाजूची गावं फिरलो. चौसष्ट पिशव्या कापूस गोळा केला. वार्निश मारलेल्या मोटारी सुकवायची माही एक गरम पेटी आहे, तिच्यात एकेक नमुना सुकवायचा, सुकायच्या आधी तोलायचा, नंतर तोलायचा, जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. तीन महिने हेच. चाचा बाजूले बसून मूठ दाबून आधीच सांगायचा, नऊ आहे, सात आहे, अन् पेटीचं उत्तर त्याच्या आसपास निघायचं. म्हातारा खुश व्हायचा. चौसष्टच्या चौसष्ट पिशव्या घाटावरच्या होत्या. हे आम्हा दोघांपैकी एकाच्या बी ध्यानात आलं नाही. आमच्यासाठी कापूस म्हणजे आमच्याकडचा कापूस. त्यात पाहायचंच काय?

चाळीस मशीन बनली. पह्यल्या हंगामात घाटावरच्या दोन बाजारात चालवली. बाबांच्या टेम्पोत सळई गेली तवा मी बाजूले उभा होतो. सात पूर्णांक चार. बाबा त्या आकड्याकडं पाहत राह्यले. मंग आसिमच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मले वाटलं की ह्या माणसानं नोकरी सोडली ते बरोबर केलं. सरकारी तपासणी झाली, मशीन बरोबर असल्याचा कागद मिळाला. तपासणीसाठी कापूस आम्हीच नेऊन देल्ला होता, चौसष्ट पिशव्यांतला उरलेला.

मशीनचं नाव झालं, अन् दुसऱ्या हंगामात घाटाखालच्या बाजारांनी स्वतःहून मागणी केली. माणिकरावच्या बाजारानं सगळ्यात जास्त घेतली. आम्ही हसलो. म्हटलं, आला उंट डोंगराखाली.

महिनाभरात फोन सुरू झाले. घाटाखालचे शेतकरी म्हणत, मशीन आमचा सगळाच माल ओला दाखवते. बारा, तेरा, साडेतेरा. गाड्या परत जाऊन राह्यल्या होत्या. आसिमनं तिथं जाऊन सळई तपासली, कड्या तपासल्या, सेल तपासला. सगळं ठीक. चिप तं बंदच होती, तिच्यात कोणी हात घातला असा प्रश्नच नव्हता. मंग त्याले शेतकऱ्यांचाच राग आला. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे काही लोकं असतात, खोटं काऊन बोलू. आसिमले वाटलं हे तेच आहे. त्यानं बाजारात उभं राहून सांगतलं, "मशीन तुमच्यासाठी बनवलं. तुम्ही पाणी माराल तं ते ओलाच दाखवीन." एक म्हातारा हात जोडून म्हणत होता, बाबू, पाणी नाही मारलं. आसिम त्याले सगळ्यांसमोर म्हणाला, "चाचा, मशीनले दया-माया नसते." मी बाजूले होतो. मले बी तवा ते बरोबरच वाटलं.

जानेवारीत सबीहाचा भाऊ फैजान बहिणीकडं आला. येताना एक पोतं कापूस आणला, आईसाठी रजई भरून न्यायची म्हणून. चाचानं पोतं सोडलं, मूठ दाबली, कानाजवळ नेली, दोन बोटांत तार ओढून पाह्यली. म्हणे, "कडक वाळलेला आहे." आसिमनं सहज सळई लावली. तेरा पूर्णांक दोन.

चाचानं परत मूठ दाबली. "बेटा, ह्यात तेरा असीन तं मी आजपर्यंत गवतच पिंजलं."

आसिम त्या पोत्यातला कापूस घेऊन माह्या दुकानात आला. पेटीत सुकवला, तोलला. साडेसहा निघाले. परत केलं. परत साडेसहा. तिसऱ्या वेळी वजन त्यानं मले घ्यायले लावलं.

घरी गेलो तं सबीहा चहा घेऊन आली. आसिमनं तिले विचारलं, तुमच्याकडच्या कापसात वेगळं काय असते? ती म्हणे, "कापसाचं मले काय माहीत. आमच्याकडची मातीच खारी आहे. पाणी खारं, त्याच पाण्यात औषध कालवून फवारतात. पानावर वाळलं की पांढरं दिसते. तुरीची डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही. खारपाणपट्टा आहे तो, साऱ्या जिल्ह्याले माहीत आहे." मंग म्हणाली, "मले कोणी विचारलं काय?"

खाऱ्यात वीज धावते. एवढं तं मले बी माहीत आहे, मी बॅटरीत पाणी टाकतो तवा गिऱ्हाइकाले रोज सांगतो, बोरचं टाकू नका. कापूस कोरडाच, पण त्याच्यावर खार बसलेला. त्या खारातून वीज गेली की चिप म्हणते पाणी आहे. तिच्या तारांत जे विणलं होतं ते ती म्हणून राह्यली होती, अन् तीन सेकंदात म्हणून राह्यली होती. आसिम भिंतीले टेकून खाली बसला. म्हणे, "राजू, मी त्या म्हाताऱ्याले काय बोललो रे." 

मी म्हटलं, आकडे बदलू. तो म्हणे, "कुठं बदलू? कशात हात घालू?" माह्याच तोंडचे शब्द होते, पण तो टोमणा मारत नव्हता, खरंच विचारत होता. नवीन चिपा छापायच्या तं योजनेचा पुढचा नंबर दीड वर्षांनी. अन् छापल्या तरी आकडे कोणते घालणार? एका गावचा खार दुसऱ्या गावच्या खारासारखा नाही. फैजानच्या गावची तीन वावरं तपासली तं तीन तऱ्हेची उत्तरं आली. विजेनं ओल मोजायचा हा रस्ताच तिकडं बंद होता. चिप हुशार होती, वेगवान होती, पण जे मोजायचं तेच ती मोजत नव्हती.

तो बाजारात गेला. म्हणाला, मशीन परत द्या, चुकीचं आहे, पैसे घ्या तुमचे. ते म्हणाले, कागद आहे ना मशीनचा? मंग चुकीचं कसं? अन् पावती आमच्या नावाची आहे. त्यानं सरकारी तपासणीवाल्याईकडं अर्ज केला. अर्जाची पोच मिळाली, बाकी काही नाही. त्यानं प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली, खारपाणपट्ट्यातल्या कापसाले हे मशीन लावू नये. आठवड्यात चिठ्ठ्या निघाल्या. त्याईनं काऊन परत द्यावं? ज्या मशीनमुळं आर्धा बाजार कडत्यात येते अन् कोणी भांडत बी नाही, ते कोण परत देईन? पह्यले मूठ दाबून ओला म्हटलं की लोकं भांडायचे, अंगावर धावून यायचे. आता नुसता आकडा दाखवला की गप. फक्त घाटावरची चार मशीन परत आली. ती आम्ही माह्या दुकानामागं घणानं फोडली. छत्तीस बाहेर राह्यली.

मंग त्यानं वेगळंच सुरू केलं. बाजाराच्या दिवशी सकाळच्या एसटीनं घाट उतरायचा, माणिकरावच्या बाजूले उभं राहायचं, अन् प्रत्येक शेतकऱ्याले सांगायचं की तुमचा कापूस कोरडा आहे, मशीन खोटं बोलते, कडता देऊ नका. लोकं त्याच्याकडं वेड्यासारखं पाहायचे. कोणी म्हणे हा दुसऱ्या व्यापाऱ्याचा माणूस आहे. एकानं तं विचारलं, तुमचं कमिशन किती? पाच आठवडे हे चाललं. सबीहा माह्या दुकानात येऊन म्हणाली, "राजकुमारभाऊ, त्याईच्यासंग जात जा. घरी आल्यावर दोन घास बी खात नाहीत." म्हणून सहाव्या वेळी मी गेलो.

शालूबाई नावाची बाई होती, पंचावन्नच्या आसपासची. नवऱ्याचा पाय मोडलेला, म्हणून एकटीच मॅटॅडोरमध्ये माल घेऊन आली होती. कापूस असा होता की पाहत राहावं. आसिमनं त्यातली सरकी दाताखाली धरली, ती कट्कन वाजली. माणसाले आणखी काय पुरावा पाहिजे? माणिकरावनं सळई खुपसली. अकरा पूर्णांक नऊ.

"मावशी, परत पाठवत नाही तुमचा माल. पण कडता लागीन," माणिकराव म्हणाला.

आसिम पुढं झाला. "मावशी, तुमचा कापूस कोरडा आहे. मशीन चुकते. कडता देऊ नका."

बाई गोंधळली. ह्याच्याकडं पाहे, त्याच्याकडं पाहे. माणिकरावले राग बी आला नाही. तो आरामात म्हणाला, "मावशी, हे मशीन ह्या साहेबाईनंच बनवलं आहे. त्याईलेच विचारा, ह्याच्यात आम्हाले काही करता येते काय."

शालूबाईनं आसिमले विचारलं, "येते काय बाबू?"

 मी मनात म्हटलं, खोटं बोल. ह्या एका वेळी तरी बोल. पण त्याले ते येत नाही. "नाही," म्हणाला. "कोणालेच येत नाही."

"तुले बी?"

"मले बी नाही. पण मावशी, ऐका, तुमच्याकडची माती..."

ती मातीचं ऐकतच नव्हती. तिनं आपल्याच कापसाची एक मूठ उचलली, दाबली, गालाले लावून पाह्यली. परत दाबली. तिच्या तोंडावर जे होतं ते मले सांगता येत नाही. जन्मभर कापूस वेचलेला हात होता तो.

"मंग माहाच हात चुकला असन," ती हळूच म्हणाली. "चार दिवस वाळू घातला बाबू. पण आता वय झालं, समजत नाही."

आसिम म्हणे, "मावशी, हात चुकला नाही तुमचा." त्याचा आवाज पूरा फाटला होता. बाईले वाटलं, तिचा माल ओला निघाला म्हणून ह्या पोराले वाईट वाटून राह्यलं आहे.

"तू काऊन जिवाले लावून घेतं?" ती म्हणाली. "तू तं पुण्याईचं काम केलं. पह्यले हे लोकं मनानं सांगत, अन् घरी गेल्यावर वाटत राहे की आपल्याले फसवलं. आता तसं वाटत नाही."

तिनं कडत्याच्या कागदावर अंगठा देल्ला, बोटाची शाई पदराले पुसली, अन् आसिमले हात जोडले.